फीतकृमींमुळे होणाऱ्या गाठी : जनावरे, कुत्री आणि माणसे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायडॅटिड आणि त्याच्या जवळच्या आजारांविषयी पशुपालक, कुत्री पाळणारे, मांसविक्रीच्या व्यवसायातले लोक आणि रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती होऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांची माहिती आजार समजावा म्हणून दिली आहे. विशिष्ट रुग्णाचा किंवा जनावराचा उपचार डॉक्टर किंवा पशुवैद्य यांनी प्रत्यक्ष तपासूनच ठरवायचा असतो.

१. हायडॅटिड म्हणजे काय? पोटात जंत होतात तोच हा आजार आहे का?

नाही. नेहमीचे जंत आतड्यात राहतात, तर हायडॅटिड झालेल्या माणसाच्या आतड्यात एकही जंत नसतो. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाच्या फीतकृमीची अळी यकृत, फुफ्फुस किंवा अन्य अवयवात पाण्याने भरलेली गाठ होऊन वाढते, तिला हायडॅटिड म्हणतात. या कृमीचा प्रौढ जंत जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांब असतो आणि तो कुत्रा, लांडगा अशा श्वानकुळातील प्राण्यांच्या लहान आतड्यातच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात कोणत्याही वेळी १० लाखांहून अधिक लोकांना एकायनोकॉकसमुळे होणारे आजार असतात.

२. जंत कुत्र्यात आणि गाठ मेंढीत, हे कसे काय? दोघांचा संबंध कुठे येतो?

हा संबंध नीट कळला की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. कुत्र्याच्या आतड्यातला जंत अंडी घालतो आणि ती विष्ठेवाटे बाहेर पडतात. ही अंडी साधारण ३० ते ४० मायक्रोमीटरची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी असतात. गवत, पाणी, माती यांबरोबर ती मेंढी, शेळी, गाय, म्हैस, उंट किंवा डुकराच्या पोटात जातात. तेथे अंड्याचे कवच विरघळून आतला भ्रूण आतड्याची भिंत भेदतो आणि रक्तात शिरतो. आतड्याचे रक्त आधी यकृतात जात असल्यामुळे बहुतेक भ्रूण तेथेच अडकतात. जे निसटतात त्यांतले बरेच फुफ्फुसात थांबतात. अडकलेल्या जागी हळूहळू गाठ वाढते आणि तिच्या आतल्या अस्तरावर पुढच्या पिढीच्या जंतांची सूक्ष्म डोकी तयार होतात. असे जनावर कापल्यावर किंवा मेल्यावर गाठ असलेले काळीज अथवा फोफस कुत्र्याने खाल्ले, की प्रत्येक डोक्यापासून एक जंत तयार होऊ शकतो आणि साधारण ६ ते ७ आठवड्यांत त्या कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात.

जनावरांतल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात जंत वाढतात हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन सीबोल्ड यांनी १८५० च्या दशकातच दाखवून दिले होते. ही साखळी तोडण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त जागा तेव्हापासून तीच आहे : कापलेल्या जनावराचे कच्चे अवयव कुत्र्याच्या तोंडी लागू न देणे.

३. गाठी असलेल्या जनावराचे मांस आम्ही खाल्ले. आता आम्हालाही गाठी होतील का?

नाही. माणसाला हायडॅटिड होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यामुळे; गाठ खाल्ल्याने होत नाही. गाठीतल्या डोक्यांपासून जंत होण्यासाठी श्वानकुळातील प्राण्याचे आतडे लागते. तरीही गाठी असलेला अवयव खाण्यासाठी विकू नये आणि मांस तपासणीत तो बाद केला जातो, हे योग्यच आहे. मात्र मांसातल्या सगळ्याच गाठींना हे उत्तर लागू नाही. डुकराच्या आणि गोवंशाच्या मांसात आढळणाऱ्या, टीनिया जातीच्या फीतकृमींच्या बारीक गाठी कच्च्या खाल्ल्या गेल्या तर माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर लांबीचा जंत वाढू शकतो. त्याविषयी प्रश्न १५ पाहावा.

४. आमच्या घरी कुत्रा नाही. मग आमच्या माणसाला हा आजार झाला कसा?

अंडी कुत्र्याबरोबरच राहतात असे नाही. विष्ठा पडलेल्या जमिनीतली भाजी, न झाकलेले पाणी, मातीत खेळलेल्या मुलांचे हात, दुसऱ्याच्या कुत्र्याला कुरवाळणे, यांतला कोणताही मार्ग पुरेसा असतो. कुत्रा स्वतःला चाटतो तेव्हा अंडी त्याच्या तोंडाला आणि केसांनाही लागतात. ओलसर आणि थंड हवेत अंडी अनेक महिने जिवंत राहतात; कोरडी उष्णता मात्र त्यांना सोसत नाही. शिवाय लागण आणि निदान यांच्यात अनेक वर्षांचे अंतर असू शकते, त्यामुळे आज चाळिशीत असलेल्या रुग्णाची लागण लहानपणी, दुसऱ्याच घरात झालेली असणे अगदी शक्य आहे.

५. रुग्णाजवळ राहिल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा बाधित जनावराच्या दुधातून आजार पसरतो का?

पसरत नाही. माणसातली गाठ ही या कृमीसाठी बंद वाट आहे. रुग्णाची भांडी, कपडे किंवा अंथरूण वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही, आणि कृपया तसे करू नये.

६. जनावर जिवंत असताना गाठी आहेत हे ओळखता येते का?

बहुतेक वेळा येत नाही. मेंढी, शेळी किंवा गाय गाठी घेऊन वर्षानुवर्षे हिंडते, चरते आणि वरवर निरोगी दिसते. लागण जास्त असेल तर वजन, दूध आणि लोकर कमी होते, परंतु ही लक्षणे इतक्या कारणांनी दिसतात की त्यांवरून निदान होत नाही. म्हणूनच या आजाराची खरी माहिती कत्तलखान्यात मिळते. एखाद्या कळपातल्या जनावरांच्या अवयवांत वारंवार गाठी सापडत असतील, तर त्या कळपाभोवतीच्या कुत्र्यांना जंत आहेत असेच धरून चालावे.

आणखी एक बाब पशुपालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्या गाठींत जंतांची डोकी असतातच असे नाही. मेंढ्यांत रुळलेल्या प्रकाराच्या गाठी गाईंत बऱ्याचदा वांझ निघतात, तर वयस्क मेंढ्यांतल्या गाठी बहुधा सजीव असतात. त्यामुळे म्हाताऱ्या मेंढीचे अवयव कुत्र्यासमोर टाकणे सर्वांत घातक ठरते. पण वांझ गाठ नुसती पाहून ओळखता येत नाही. नियम सर्व गाठींना सारखाच लावावा.

७. जनावर कापल्यावर पाण्याची पिशवी दिसली. ती हायडॅटिडच असते का?

प्रत्येक वेळी नाही. मेंढ्या-शेळ्यांत टीनिया हायडॅटिजेना या दुसऱ्या फीतकृमीची पिशवीही नेहमी दिसते. ती पोटातल्या चरबीच्या पडद्याला किंवा यकृताच्या पृष्ठभागाला लोंबकळत असते, तिचे आवरण पातळ आणि पारदर्शक असते, आणि आत नीट पाहिले तर एकाच जागी एक पांढरा ठिपका, म्हणजे जंताचे डोके, लांब मानेसह दिसते. हायडॅटिड अवयवाच्या आत रुतलेला असतो. बाहेरून जनावराच्या स्वतःच्या ऊतींचा चिवट पडदा, त्याच्या आत पांढरे, जाडसर, सहज सोलून निघणारे अस्तर आणि त्याच्या आत स्वच्छ पाणी अशी त्याची रचना असते. हे पाणी काचेच्या भांड्यात काही वेळ स्थिर ठेवले तर तळाशी बारीक वाळूसारखा गाळ बसतो, आणि त्या गाळातला जवळजवळ प्रत्येक कण म्हणजे एका जंताचे डोके असते. कधी मोठ्या गाठीच्या आत लहान गाठी तरंगताना दिसतात.

पहिल्या प्रकारची पिशवी माणसाला धोकादायक मानली जात नाही, पण तीही कुत्र्यातूनच येते. म्हणजे ती दिसली तरी कुत्र्यांना कच्चे अवयव मिळत आहेत हे सिद्ध होते, आणि काळजी दोन्हींत एकच घ्यायची असते.

८. गाठी असलेल्या अवयवांचे काय करावे?

ते जाळावेत, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावेत. उघड्या कचऱ्यात, ओढ्यात किंवा कुंपणाबाहेर टाकलेला अवयव कुत्र्यापर्यंत पोहोचतोच. चरायला गेलेले जनावर मरून पडले तर त्यालाही हेच लागू आहे; लोकांचे लक्ष कापलेल्या जनावराकडे असते आणि मेलेल्याकडे दुर्लक्ष होते, असे आमचे निरीक्षण आहे. कुत्र्याला अवयव द्यायचेच असतील तर ते निदान अर्धा तास चांगले उकळावेत, म्हणजे आतली डोकी मरतात. वरवर भाजणे पुरेसे नाही, कारण मोठ्या काळजाच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचत नाही.

९. आमच्या कुत्र्याच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. तो हाच जंत का?

बहुधा नाही. असे हलणारे तुकडे सहसा पिसवांमुळे होणाऱ्या फीतकृमीचे किंवा टीनिया जातीच्या कृमीचे असतात. एकायनोकॉकसचे तुकडे इतके बारीक असतात की ते सहज नजरेस पडत नाहीत, आणि हजारो जंत असलेला कुत्राही धडधाकट दिसतो. त्यामुळे विष्ठेत काही दिसत नाही यावरून कुत्रा निर्धोक ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली तरी एकायनोकॉकस आणि टीनिया यांची अंडी एकसारखीच दिसतात. फरक करायला विष्ठेतील प्रतिजनाची (जंताच्या अंशांची) किंवा पीसीआर (जनुकीय) तपासणी लागते. जेथे आजार आढळतो तेथे तपासणीची वाट न पाहता नियमित औषध देणेच शहाणपणाचे.

१०. कुत्र्याला जंताचे कोणते औषध द्यावे आणि किती दिवसांनी?

या जंतावर प्राझिक्वांटेल हे खात्रीचे औषध आहे. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम असे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे. जंताच्या नावाने मिळणारे प्रत्येक औषध चालत नाही. आयव्हरमेक्टिनचा फीतकृमींवर उपयोग होत नाही आणि फेनबेंडाझोलवरही या जंतासाठी विसंबता येत नाही, म्हणून वेष्टनावर प्राझिक्वांटेलचे नाव आहे का हे पाहून घ्यावे.

प्राझिक्वांटेल त्या दिवशी असलेले जंत मारते, पुढच्या लागणीपासून संरक्षण देत नाही. नवीन जंत अंडी घालू लागण्याआधी पुढची मात्रा द्यायची म्हटले तर दर ६ आठवड्यांनी औषध द्यावे लागते. हे सर्वांना जमत नाही. म्हणून नियंत्रण कार्यक्रमांत वर्षातून किमान ४ वेळा औषध देण्याची शिफारस असते. हे औषध अंडी मात्र मारत नाही. औषध दिल्यावर मेलेल्या जंतांबरोबर अंडी मोठ्या संख्येने बाहेर पडतात, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस कुत्र्याला बांधून ठेवून त्याची विष्ठा हातमोजे घालून गोळा करावी आणि जाळावी किंवा खोल पुरावी.

११. माणसात लक्षणे कोणती दिसतात?

बऱ्याच जणांत वर्षानुवर्षे कोणतीही दिसत नाहीत आणि गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. सुमारे ७० टक्के गाठी यकृतात आणि २० टक्के फुफ्फुसात असतात; हाडे, मूत्रपिंड, प्लीहा, हृदय, मेंदू यांत क्वचित. यकृतातली गाठ मोठी झाली की उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणे जाणवते, आणि ती पित्तनलिकेत फुटली तर कावीळ होते. फुफ्फुसातली गाठ श्वासनलिकेत फुटली तर रुग्णाला अचानक खारट चवीचे पाणी आणि पांढरे पापुद्रे खोकून पडतात. हे लक्षण एकदा ऐकलेले असले तर विसरू नये आणि डॉक्टरांना याच शब्दांत सांगावे. गाठ पोटात किंवा छातीत फुटली तर अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे, रक्तदाब कोसळणे अशी तीव्र ॲलर्जी होऊ शकते. तेव्हा रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.

१२. सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ दिसली. सुई घालून पाणी तपासून घेतले तर लगेच कळेल ना?

गाठ हायडॅटिडची असण्याची शक्यता असेल तर केवळ तपासणीसाठी, पूर्वतयारीशिवाय सुई घालू नये. गळलेल्या पाण्याने प्रश्न ११ मध्ये सांगितलेली तीव्र ॲलर्जी होऊ शकते, आणि पाण्यातली डोकी जेथे सांडतील तेथे नव्या गाठी वाढू शकतात. यकृतातल्या साध्या, निरुपद्रवी पाण्याच्या गाठी खूप लोकांत असतात, म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. सोनोग्राफीत दुहेरी आवरण, आतल्या लहान गाठी किंवा सुटून तरंगणारे पापुद्रे दिसत असतील तर बहुधा चित्रच निदान सांगते.

रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी पूरक म्हणून करतात, पण ती निर्णायक नाही. गाठ अखंड असेल, विशेषतः फुफ्फुसात असेल, तर तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. उलट गाठ काढून टाकल्यावरही ती काही वर्षे पॉझिटिव्ह राहू शकते. केवळ या अहवालावरून आजार परत आला असे समजू नये.

१३. ऑपरेशन करावेच लागते का? जंताची एक गोळी घेऊन गाठ विरघळत नाही का?

एका गोळीने काहीही होत नाही. आतड्यातल्या जंतांसाठी दिली जाणारी ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा गाठीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. गाठीसाठी अल्बेंडाझोल वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत विभागून, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर, सहसा ३ ते ६ महिने सलग देतात. या काळात यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी नियमित करावी लागते, आणि गर्भारपणात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, हे औषध टाळतात.

उपचार गाठीच्या अवस्थेवर ठरतो. ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, एकाच पोकळीची, आत लहान गाठी नसलेली गाठ केवळ औषधाने बरी होऊ शकते. तशीच पण मोठी गाठ असेल तर औषधाच्या संरक्षणाखाली सोनोग्राफीत पाहत सुईने पाणी काढतात, जंत मारणारे द्रावण सोडतात, काही मिनिटांनी तेही काढून घेतात; गाठ पित्तनलिकेला जोडलेली असेल तर मात्र ही पद्धत वापरत नाहीत. आत अनेक लहान गाठी असतील, गाठ फुटण्याच्या बेतात असेल किंवा मोठ्या नलिकांवर दाब आणत असेल तर शस्त्रक्रिया करतात. आणि गाठ आतून घट्ट होऊन किंवा कडा कॅल्शियमने भरून निष्क्रिय झाली असेल, रुग्णाला त्रास नसेल, तर काहीही न करता ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत राहणे हाच मान्य उपचार आहे. अशा रुग्णाला ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ असे वाटते. पण येथे थांबणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

१४. फुफ्फुसात गाठ आहे. यकृतातल्या गाठीला शस्त्रक्रियेआधी औषध देतात, मग आम्हाला ते का दिले नाही?

कारण औषधाने फुफ्फुसातल्या गाठीचे आवरण कमकुवत होऊन ती श्वासनलिकेत फुटण्याची भीती असते. त्यामुळे मोठ्या गाठीत बरेच शल्यचिकित्सक आधी गाठ काढतात आणि औषध नंतर देतात. यकृत आणि फुफ्फुस या दोन्ही ठिकाणी गाठी असतील तर क्रम ठरवणे नाजूक असते आणि ते अनुभवी पथकावर सोपवावे.

१५. आमच्या घरात कुणीही मांस खात नाही. तरी मुलाला फिट आली आणि मेंदूत फीतकृमीची गाठ निघाली. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. हा कृमी वेगळा, टीनिया सोलियम. डुकराच्या कच्च्या मांसातल्या गाठी खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात त्याचा लांब जंत वाढतो; मेंदूत गाठी होत नाहीत. त्या होतात असा जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी अन्न, पाणी किंवा हातांवाटे दुसऱ्याच्या, किंवा त्याच्या स्वतःच्याच, पोटात गेल्याने. म्हणून मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, आणि स्वयंपाक करणाऱ्याचे शौचानंतर साबणाने धुतलेले हात येथे सर्वांत महत्त्वाचे ठरतात. गोमांसातून येणाऱ्या टीनिया सॅजिनाटामुळे माणसाच्या मेंदूत गाठी होत नाहीत, फक्त आतड्यात जंत होतो.

मेंदूतल्या गाठीवर जंताचे औषध स्वतःहून घेऊ नये. अळ्या मरताना मेंदूला सूज येते आणि झटके वाढू शकतात, म्हणून डॉक्टर सोबत स्टेरॉइड देतात. डोळ्याच्या आत गाठ असेल तर औषधाने दृष्टी जाऊ शकते. त्यासाठी आधी डोळ्यांची तपासणी होते. फिटचे औषध मनाने बंद करू नये.

१६. आमची मेंढी डोके वाकडे करून एकाच दिशेने गोल गोल फिरते. हा त्याच जंताचा प्रकार आहे का?

हा टीनिया मल्टिसेप्स या आणखी एका फीतकृमीचा प्रताप असू शकतो. तो जंतही कुत्र्यात राहतो आणि त्याची गाठ बहुधा तरुण मेंढ्यांच्या मेंदूत वाढते. गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर कवटीचे हाड त्या जागी दाबल्यास मऊ लागते आणि पशुवैद्य शस्त्रक्रियेने ती काढू शकतात. मात्र गोल फिरणे लिस्टेरिया या जीवाणूच्या संसर्गातही दिसते; त्यात लक्षणे काही दिवसांतच झपाट्याने येतात, ताप असतो आणि तोंडाची एक बाजू लुळी पडते. त्यावर लगेच प्रतिजैविके लागतात, म्हणून निदान घरी करत बसू नये.

१७. कोल्ह्यांपासून होणारा प्रकार जास्त घातक असतो असे वाचले. खरे आहे का?

खरे आहे. उत्तर गोलार्धातल्या काही भागांत एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस कोल्हे आणि उंदीरवर्गीय प्राणी यांच्यात फिरतो. उंदीर खाणारा कुत्राही त्याला बळी पडतो. माणसाच्या यकृतात त्याची एक मोठी गाठ होत नाही, तर असंख्य बारीक पोकळ्या कर्करोगाप्रमाणे आजूबाजूला पसरत जातात. लक्षणे ५ ते १५ वर्षांनी दिसतात आणि उपचार न झाल्यास आजार बहुधा प्राणघातक ठरतो. अशा भागात कुत्र्याच्या औषधाचे अंतर ४ आठवड्यांवर आणावे लागते, कारण हा जंत प्रश्न २ मधल्या जंतापेक्षा लवकर अंडी घालू लागतो.

१८. सॅनिटायझर वापरला किंवा भाजी फ्रीजमध्ये ठेवली तर अंडी मरतात का?

नाही. अल्कोहोल आणि बहुतेक जंतुनाशके या अंड्यांवर निष्प्रभ ठरतात, आणि घरगुती फ्रीझरच्या उणे २० अंशांतही ती तग धरतात. त्यांना मारायला उणे ८० अंशांत काही दिवस ठेवावे लागते. उकळत्या पाण्यात मात्र ती चटकन मरतात. हात साबण आणि वाहत्या पाण्याने चोळून धुतल्यास अंडी मरत नाहीत, पण निघून जातात, आणि तेवढे पुरते. कच्ची खायची भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवावी.

१९. लस उपलब्ध आहे का?

माणसासाठी किंवा कुत्र्यासाठी नाही. मेंढ्या-शेळ्यांसाठी ईजी९५ नावाची लस आहे. साधारण एक महिन्याच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे वर्धक मात्रा द्यावी लागते. ती नवीन लागण रोखते, आधीच्या गाठी घालवत नाही. म्हणून ती कोकरांपासून सुरू करावी आणि कुत्र्यांच्या औषधाबरोबर वापरावी.

२०. हा आजार एखाद्या देशातून खरोखर संपला आहे का?

होय. आइसलँडमध्ये १९ व्या शतकात हा आजार अतिशय फैलावला होता. हाराल्ड क्रॅबे या डॅनिश संशोधकाने १८६३ मध्ये तेथे अभ्यास केला, त्यानंतर लोकांना सोप्या भाषेत पत्रके वाटली गेली, कुत्र्यांची संख्या कमी केली गेली आणि अवयव नष्ट करण्याचा कायदा झाला. आधुनिक औषधे नसतानाही आजार काही दशकांत मागे हटला. ऑस्ट्रेलियाचे टास्मानिया राज्य १९९६ मध्ये आणि न्यूझीलंड २००२ मध्ये तात्पुरते मुक्त जाहीर झाले. ही सगळी बेटे आहेत, हे खरे. जेथे मोकाट कुत्री आणि उघड्यावरची कत्तल दोन्ही आहेत तेथे काम अधिक कठीण आणि लांबचे असते.

२१. घरातल्या एकाला गाठ निघाली. बाकीच्यांनी तपासणी करावी का?

करावी. एकाकडून दुसऱ्याला लागण होत नसली (प्रश्न ५), तरी कुत्रा, पाणी आणि अंगण सर्वांचे एकच असते. पोटाची एक सोनोग्राफी पुरेशी आहे आणि फुफ्फुसासाठी छातीचा एक्स-रे काढावा. लहान मुलांची तपासणी आधी करावी, कारण त्यांच्यातल्या गाठी अजून लहान आणि केवळ औषधाने बऱ्या होण्याजोग्या असण्याची शक्यता अधिक असते. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी नुकतीच झालेली लागण तिच्यात दिसत नाही, म्हणून एक-दोन वर्षांनी ती पुन्हा करून घ्यावी. आणि ज्या रुग्णावर उपचार झाले आहेत त्याची सोनोग्राफी निदान ३ ते ५ वर्षे ठरावीक अंतराने चालू ठेवावी.